अंगावरून पांढरे जाणे आणि खाज : व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला कसा घ्यावा

अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार आपल्याकडे अजूनही मेडिकलच्या काउंटरवर, मागे कोणी उभे नाही ना हे पाहून, अर्ध्या वाक्यात सांगितली जाते आणि त्या अर्ध्या वाक्यावर एखादे मलम हातात पडते. डॉक्टरांकडे जायचे तर तपासणीच्या टेबलाची भीती, रजेचा प्रश्न आणि सोबत कोणाला न्यायचे ही अडचण असते. व्हिडिओवरून मिळणाऱ्या वैद्यकीय सल्ल्याने यातल्या पुष्कळ अडचणी दूर होतात. मात्र त्यात एक उणीव राहते, आणि ती सुरुवातीलाच ध्यानात घेतलेली बरी : पडद्यापलीकडच्या डॉक्टरांना ना स्राव दिसतो, ना त्याचा वास कळतो, ना तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतो. त्यामुळे तुम्ही जे सांगाल तीच त्यांची तपासणी असते, आणि या लेखाचा बराचसा भाग ते कसे सांगावे यासाठीच खर्च केला आहे.

आधी तक्रार नेमकी कोणती, ते पाहा

योनीतून थोडा पांढरट किंवा पारदर्शक स्राव येणे हा आजार नव्हे. पाळीच्या मधल्या दिवसांत तो अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा असतो, पाळीच्या आधी घट्ट होतो आणि गरोदरपणात वाढतो. खाज, जळजळ, घाण वास किंवा रंगात बदल नसेल तर त्यावर औषध लागत नाही. ‘उष्णता झाली’ असे म्हणून या साध्या स्रावावर महिनोन्‌महिने घरगुती काढे घेणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत, आणि खरा संसर्ग झाल्यावरही त्याच काढ्यांवर विसंबून राहणाऱ्याही तितक्याच आहेत.

खरा संसर्ग बहुधा तीनपैकी एक असतो. पहिला यीस्टचा, म्हणजे कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा : खाज तीव्र, स्राव दह्याच्या गुठळ्यांसारखा घट्ट व पांढरा, वास जवळजवळ नाही, बाहेरची त्वचा लाल, आणि लघवी त्या त्वचेला लागली की चुरचुर. चारपैकी सुमारे तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. दुसरा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, ज्याला डॉक्टर थोडक्यात ‘बीव्ही’ म्हणतात. यात योनीतले उपयुक्त लॅक्टोबॅसिलस जिवाणू कमी होऊन दुसरे जिवाणू माजतात. स्राव पातळ व राखाडी-पांढरा असतो, खाज बेताची किंवा नसतेच, पण मासळीसारखा वास येतो आणि शरीरसंबंधानंतर तो वाढतो. तिसरा ट्रायकोमोनास या परजीवीचा. यात पिवळट-हिरवा, कधी फेसाळ स्राव, वास आणि जळजळ असते. हा लैंगिक संबंधातून पसरतो, त्यामुळे जोडीदाराला औषध दिल्याशिवाय तो परत परत होतो.

वाचताना हे वर्णन स्पष्ट वाटते, प्रत्यक्षात मात्र लक्षणे एकमेकांत मिसळतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच निदान करून यीस्टचे औषध विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली असता त्यांच्यापैकी जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांनाच यीस्टचा संसर्ग असल्याचे आढळले. तेव्हा ‘मला यीस्ट झाले आहे, औषध लिहून द्या’ असे न म्हणता लक्षणे सांगावीत आणि आजाराचे नाव डॉक्टरांना ठरवू द्यावे.

आणखी एक घोटाळा आपल्या दमट हवेत फार होतो. खाज जांघेत असेल, कडा उठलेले गोल चट्टे असतील आणि योनीच्या आत काहीच त्रास नसेल, तर तो बहुधा गजकर्ण असतो. त्याचे उपचार वेगळे आहेत.

कोणत्या परिस्थितीत पडद्यावर अवलंबून राहू नये

ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, उलट्या होत असतील, तर संसर्ग गर्भाशय व नलिकांपर्यंत गेल्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी लागते. गरोदरपणात पाण्यासारखा स्राव येत असेल किंवा रक्त जात असेल, शरीरसंबंधानंतर रक्त दिसत असेल, बाहेरच्या भागावर फोड किंवा जखमा असतील, नुकतीच तांबी बसवलेली असेल, किंवा आत कापूस वा टॅम्पॉन (पाळीत योनीच्या आत ठेवायचा बोळा) राहिल्याची शंका असेल, तरीही प्रत्यक्षच दाखवावे. जबरदस्ती झाली असल्यास व्हिडिओच्या रांगेत वेळ न घालवता थेट रुग्णालयात जावे. तेथे संसर्ग आणि गर्भधारणा टाळण्याची औषधे दिली जातात, आणि ती जितक्या लवकर मिळतील तितकी उपयोगी पडतात.

पाळी बंद झालेल्या स्त्रियांविषयी वेगळे सांगायला हवे. या वयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्याने योनीचे अस्तर पातळ आणि कोरडे होते आणि खाज-जळजळ जंतूंविनाही होते. तिथे बुरशीचे मलम कितीही लावले तरी उपयोग होत नाही. पाळी गेल्यानंतर एकदा जरी रक्ताचा डाग दिसला, किंवा रक्तमिश्रित घाण वासाचे पाणी जात असेल, तर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी झालीच पाहिजे आणि ती फोनवर होत नाही.

कोठून सल्ला घ्यावा

भारतात या पद्धतीला कायद्याची स्पष्ट चौकट २५ मार्च २०२० रोजी मिळाली. त्या दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी व्हिडिओ, फोन किंवा लिखित संदेश यांतून सल्ला देण्याचे नियम ठरले. सरकारी सोय ‘ई-संजीवनी’ची आहे. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केलेल्या या सेवेत रुग्णाने घरबसल्या डॉक्टरांशी बोलण्याचा भाग एप्रिल २०२० मध्ये सुरू झाला आणि तो विनामूल्य आहे. संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये मोबाइल क्रमांक टाकावा, आलेला ओटीपी भरावा, नाव-वय-पत्ता व तक्रार लिहावी, राज्य आणि ओपीडी निवडावी. मग टोकन मिळते आणि आपला क्रमांक आला की डॉक्टर पडद्यावर येतात. बोलणे संपल्यावर चिठ्ठी तिथूनच उतरवून घेता येते. स्त्रीरोग विभागाची ओपीडी त्या वेळी चालू असेल तर ती निवडावी, नसेल तर सर्वसाधारण ओपीडीतील डॉक्टरही या तक्रारीवर उपचार करू शकतात.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा फोन घरात एकच असून तो मुलाच्या हातात असतो, त्यांनी गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात जावे. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी याच सेवेतून मोठ्या दवाखान्यातील डॉक्टरांशी बोलणे करून देतात. हा मार्ग मला घरून बोलण्यापेक्षा काही बाबतींत बरा वाटतो, कारण तिथे रक्तदाब, साखर आणि गरज पडल्यास गर्भधारणेची चाचणी लगेच होते, आणि आशाताई ओळखीच्या असल्या तर पहिले वाक्य बोलणेही सोपे जाते.

खासगी ॲपवर पैसे भरण्याआधी डॉक्टरांचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक दिसतो का, हे पाहावे. महाराष्ट्रातील डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि देशभरातील डॉक्टरांची यादी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येते. काही ठिकाणी आधी यंत्राशीच गप्पा होतात. माहिती गोळा करण्यापुरते ते ठीक आहे, पण यंत्राने औषध लिहून देण्यास २०२०च्या तत्त्वांत मनाई आहे. चिठ्ठीमागे माणूस नसेल तर ती चिठ्ठी नव्हे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टर व्हॉट्सॲपवर सल्ला देत असतील तर तो मार्ग सर्वांत सोयीचा, कारण तुमचा पूर्वेतिहास त्यांना माहीत असतो.

बोलण्याआधी कागदावर काय लिहावे

पडद्यावर डॉक्टरांना मिळणारा वेळ थोडा असतो आणि संकोचाने नेमके महत्त्वाचे तेच राहून जाते. म्हणून आदल्या दिवशी कागद घेऊन बसावे. असे काहीसे पुरेसे आहे : ‘वय ३४. शेवटची पाळी १२ तारखेला. गरोदर नाही, चाचणी केली आहे. पाच दिवसांपासून खाज, रात्री जास्त. स्राव घट्ट, पांढरा, वास नाही. लघवी बाहेर लागली की चुरचुरते, पण वारंवार लागत नाही. ताप नाही, पोटात दुखत नाही. दोन आठवड्यांपूर्वी दातासाठी अँटिबायोटिक घेतले. गेल्या वर्षी असेच एकदा झाले होते. मेडिकलमधून आणलेले मलम तीन दिवस लावले.’

यातील अँटिबायोटिकचा उल्लेख वरवर असंबद्ध वाटेल. पण अँटिबायोटिक घेतल्यावर उपयुक्त जिवाणू मरतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते, म्हणून तो निदानाचा मोठा धागा असतो. तसाच मधुमेह. साखर वाढलेली असली की यीस्ट परत परत उद्भवते, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधे चालू असतील तर धोका आणखी वाढतो. कित्येक घरांत अशा गोळ्या ‘शुगरची गोळी’ एवढ्याच नावाने ओळखल्या जातात. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटे समोर ठेवूनच बोलायला बसावे. रक्त पातळ करणारी औषधे, मिरगीची औषधे, यकृताचा आजार, कोणत्याही औषधाची ॲलर्जी आणि अंगावर पाजणे हेही सांगावे.

मेडिकलमधून आणलेल्या मलमाचे नाव लपवू नये. आपल्या बाजारात बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉलसारखे तीव्र स्टेरॉइड अशी तिन्ही औषधे एकत्र असलेली मलमे सर्रास विकली जातात. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ती लोकप्रिय आहेत. पण बुरशी आतून पसरतच राहते आणि नाजूक त्वचा पातळ होते. अशा मलमाने लक्षणे झाकली गेली असतील तर ते डॉक्टरांना माहीत असायलाच हवे.

जागेचाही विचार करावा. दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळणे हाच खरा प्रश्न असतो. इअरफोन लावून डॉक्टरांचा आवाज आपल्यापुरता ठेवता येतो आणि आपली उत्तरे चॅटमध्ये लिहिता येतात. बोलणे सुरू होताच ‘मी काही उत्तरे लिहून देईन, जवळ माणसे आहेत’ असे कळवले की डॉक्टर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता येईल असे प्रश्न विचारू शकतात. गच्ची, उभी असलेली गाडी, शाळेचा रिकामा वर्ग अशा जागा स्त्रिया यासाठी वापरतात आणि त्यात काही वावगे नाही.

प्रत्यक्ष बोलताना

प्रथम तुमची ओळख व वय विचारले जाईल. रुग्ण १८ वर्षांखालील असेल तर सोबत प्रौढ व्यक्ती असणे नियमाने आवश्यक आहे. सल्ला तुम्ही स्वतः मागितला असेल तर तुमची संमती गृहीत धरली जाते. स्त्री डॉक्टर हव्या असतील तर तसे सुरुवातीलाच सांगावे.

व्हिडिओ चालू ठेवावा, कारण त्याला नियमाचा आधार आहे. २०२०च्या तत्त्वांत औषधांच्या याद्या केल्या आहेत. ताप किंवा सर्दीसाठीची साधी औषधे फोनवरच्या सल्ल्यातही देता येतात, पण त्यापुढच्या यादीतील औषधे पहिल्याच भेटीत लिहायची तर व्हिडिओ लागतो, आणि क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचे मलम त्याच यादीत आहे. त्यामुळे ‘फोनवरच सांगा ना’ असा आग्रह धरल्यास डॉक्टरांनी नकार दिला तर तो ताठा समजू नये. याच तक्रारीसाठी सहा महिन्यांच्या आत त्याच डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवले असेल तर ती पुढची भेट मानली जाते आणि नियम काहीसे सैल होतात.

शरीरसंबंधांविषयीचे प्रश्न येतील : अलीकडे संबंध आला का, नवा जोडीदार आहे का, जोडीदाराला जळजळ किंवा स्राव आहे का, निरोध वापरता का. हे प्रश्न चारित्र्याच्या चौकशीसाठी नसतात. यीस्ट असेल तर जोडीदाराला सहसा औषध लागत नाही, ट्रायकोमोनास असेल तर लागतेच, आणि हा फरक उत्तरांवरूनच ठरतो. अविवाहित असल्याने ‘नाही’ असे खोटे सांगितले तर चुकीचे औषध मिळते, एवढाच त्याचा परिणाम होतो.

छायाचित्राविषयी स्पष्ट लिहिते. गुप्तांगाचे छायाचित्र न घेता या तक्रारीवर सल्ला देता येतो. स्रावाचा रंग दाखवायचा असेल तर पॅडचे किंवा अंतर्वस्त्राचे छायाचित्र पुरते. बाहेरच्या त्वचेवर पुरळ असल्याने डॉक्टरांना पाहणे गरजेचे वाटले, तर तुम्ही नकार देऊन प्रत्यक्ष भेटीची मागणी करू शकता, आणि नीतीने वागणारे डॉक्टर ती मान्य करतात. कोणी आग्रह धरला, किंवा ॲपबाहेरच्या खासगी क्रमांकावर पाठवायला सांगितले, तर बोलणे तिथेच बंद करावे.

शेवटी पाच गोष्टी विचारून घ्याव्यात : तुम्हाला कोणता संसर्ग वाटतो, औषध किती दिवस, पाळी आली तर काय करायचे, जोडीदाराचे काय, आणि किती दिवसांत बरे वाटले नाही तर परत कळवायचे.

चिठ्ठी आणि औषध

चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख आणि तुमचे नाव-वय असावे. चिठ्ठी पीडीएफ किंवा छायाचित्राच्या रूपात आली तरी मेडिकलमध्ये चालते. औषधाचे मूळ नाव लिहिलेले असेल तर तेच औषध जनऔषधी केंद्रात बऱ्याच कमी दरात मिळते.

यीस्टसाठी बहुधा दोनपैकी एक उपाय असतो. एक म्हणजे फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची तोंडाने घ्यायची एकच गोळी. दुसरा, योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी : १०० मिलिग्रॅमची सहा ते सात रात्री, किंवा ५०० मिलिग्रॅमची एकदाच. गरोदरपणात तोंडाने घ्यायचे फ्लुकोनाझोल टाळतात आणि योनीतल्या गोळ्या किंवा मलम सात दिवस देतात. गरोदर असण्याची नुसती शंका असली तरी सांगायचे ते याचसाठी. बीव्हीवर मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस देतात, किंवा क्लिंडामायसिनचे योनीत लावायचे मलम. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते आणि मळमळते, म्हणून ते जेवणानंतर घ्यावे. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून गोळ्या बंद करण्याची चूक फार जणी करतात. ही माहिती चिठ्ठी समजण्यासाठी आहे. फ्लुकोनाझोल किंवा मेट्रोनिडाझोल डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

योनीत गोळी कशी ठेवायची हे पुष्कळदा कोणीच सांगत नाही आणि ती तोंडाने गिळल्याच्या घटनाही घडतात. रात्री झोपताना हात साबणाने धुवावेत, पाठीवर झोपून गुडघे वर घ्यावेत, आणि गोळी बोटाने किंवा सोबत आलेल्या नळीने सहज जाईल तितकी आत सरकवावी. गरोदर असल्यास नळी वापरण्याआधी विचारावे. त्यानंतर उठून फिरू नये. सकाळी पांढरा चुरा बाहेर येतो. तो औषधाचाच असतो, आजार वाढल्याचे लक्षण नव्हे. त्यासाठी साधा पॅड लावावा, टॅम्पॉन नको, कारण तो औषध शोषून घेतो. ही औषधे चालू असताना लॅटेक्सचा निरोध कमकुवत होऊ शकतो, म्हणून त्या दिवसांत संबंध टाळणे बरे.

तुरटीचे पाणी, जंतुनाशकाचे थेंब, सुगंधी वॉश, आत पाण्याची धार सोडणे हे सगळे थांबवावे. योनी आतून स्वतःच स्वच्छ राहते आणि असे धुण्याने उपयुक्त जिवाणूच वाहून जातात. बाहेरून साध्या पाण्याने धुणे आणि सुती, कोरडे अंतर्वस्त्र एवढे पुरे. पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत, तेव्हा अंतर्वस्त्रावर इस्त्री फिरवून ओल घालवावी.

बरे वाटले नाही तर

यीस्टची खाज दोन-तीन दिवसांत उतरू लागते आणि आठवड्यात बहुतेक जाते. तसे झाले नाही तर त्याच औषधाचा दुसरा डोस स्वतःहून घेऊ नये, कारण आता निदानाचीच शंका असते. दुसऱ्या वेळी स्रावाचा नमुना देण्याची तयारी ठेवावी. वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा यीस्ट झाले तर ते ‘वारंवार होणारे’ मानतात आणि बुरशीचे कल्चर (नमुन्यातील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) व रक्तातील साखर तपासतात. मधुमेह आहे हे याच तपासणीत पहिल्यांदा समजलेल्या स्त्रिया असतात.

प्रत्यक्ष तपासणीसाठी पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’ची चौकशी करावी. नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यक्रमात तेथे तपासणी, समुपदेशन आणि रंगांनुसार ओळखायची औषधांची पाकिटे मोफत मिळतात. योनिस्रावासाठीचे पाकीट हिरवे असते आणि त्यात सेक्निडाझोल व फ्लुकोनाझोल असते. जोडीदाराच्या उपचाराची सोयही तिथेच होते, आणि नवऱ्याला मेडिकलमधून गोळी आणायला पाठवण्यापेक्षा त्याला सोबत नेणे सोपे जाते, असा अनेकींचा अनुभव आहे.

व्हिडिओवरून मिळालेली चिठ्ठी फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये, तारखेसह ठेवावी आणि फोन घरात सगळे वापरत असतील तर त्या फोल्डरला कुलूप लावावे. पुढच्या डॉक्टरांना दाखवताना कोणते औषध किती दिवस घेतले आणि कितव्या दिवशी बरे वाटले, हे त्याच चिठ्ठीखाली दोन ओळींत लिहून ठेवले असेल तर पहिल्यापासून सगळे सांगावे लागत नाही.